आठवड्याची खतावणी

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी आयुष्यात पहिल्यांदा दाण्याचं कूट काट्यावर तोललं. आदल्या रात्री माझ्या वाट्याचा साबुदाणाही वेगळा भिजत घातला होता, ६० ग्रॅम. मुलाने आणलेला छोटा डिजिटल काटा ओट्यावर, त्यावर स्टीलची वाटी, वाटीसकट आकडा शून्यावर आणलेला. कूट मी कायम हातानेच घालते. हाताने घातलं तर ५२ ग्रॅम आलं. मग चमच्याने काढत काढत ३०वर आणलं. तूप १५ ग्रॅम, अर्धा बटाटा. साबुदाण्याच्या २१० कॅलरी, कुटाच्या १७०, तुपाच्या १३५, बटाट्याच्या ५०. झाले ५६५. हाताचं प्रमाण तसंच ठेवलं असतं तर ६९०. आणि आदल्या रात्रीचं बिनउपासाचं जेवण, म्हणजे एक ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीभर वरण, वहीत ४१० लिहिलेलं होतं.

एकादशी अन् दुप्पट खाशी, हे लहानपणापासून ऐकत आलेय. पण ते असं दशांशापर्यंत सिद्ध होईल, असं वाटलं नव्हतं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून काकडी चोचवत होत्या. काट्याकडे बघून म्हणाल्या, "उपासाचं मोजू नये गं."

"आई, मोजते म्हणूनच कळलं, हा उपास नाहीये."

त्यांनी काकडीचं टोक कापून कडू आहे का ते चाखलं आणि काही बोलल्या नाहीत.

मी नाशिकमध्ये एका सीएच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं हिशेब लिहिते. लोकांचे आकडे जुळवायची सवय, पण स्वतःचे आकडे मार्चअखेर संपेपर्यंत कधी बघितले नाहीत. एप्रिलमध्ये तपासणी झाली. वजन ७४.६, उंची १५७ सेंटिमीटर, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. डॉक्टर म्हणाले, "मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात." मी म्हटलं, आमच्या ऑफिसातल्या कितीतरी जणी माझ्याहून जाड आहेत. त्यावर त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ साली याज्ञिक आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडची माणसं दिसायला बारीक असली तरी आतून तुपट असतात, असा त्याचा अर्थ. मी तर दिसायलाही बारीक नव्हते. बीएमआय ३०.

पहिला प्रयत्न मोबाइलवरच्या ॲपने केला. त्याने रोजच्या १,२०० कॅलरी ठरवून दिल्या. ओलांडल्या की आकडा लाल. सोमवार ते शुक्रवार मी शहाण्यासारखी वागायचे. डब्यात काकडी-गाजर, चार वाजता ताक. तोपर्यंत आमच्या ऑफिसात अर्धे लोक डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवून मोकळे होत, त्यामुळे डब्याच्या वेळी माझ्या काकडीला सोबतही कुणाची नसायची. शनिवारी जरा सैल. आणि रविवारी मिसळ.

नाशिकच्या रविवारबद्दल बाहेरच्यांना समजावून सांगणं अवघड आहे. सकाळी आठलाच गंगापूर रोडच्या बाजूला मळ्यांतल्या मिसळीकडे गाड्या लागतात. चुलीवरचा रस्सा, वर मटकी, शेव, बाजूला पापड, दही, आणि शेवटी जिलेबी. रस्सा संपला की पोरगा विचारतही नाही, वाटीच भरून ठेवतो. पाव आणखी एक. घरी येईपर्यंत ॲप लालभडक झालेलं असायचं. आणि एकदा लाल झालं की माझ्या डोक्यात एकच विचार: आजचा दिवस गेलाच. गेलाच आहे तर मग दुपारी बासुंदी, रात्री मुलाने मागवलेल्या पिझ्झ्याचे दोन तुकडे, झोपताना आइसक्रीम. उद्यापासून पुन्हा बारीक व्हायचंच आहे.

असे दोन महिने गेले. वजन उतरलं जेमतेम सव्वा किलो आणि स्वभाव बिघडला तो वेगळा. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून मी अनारशांचे व्हिडिओ बघायचे. नंतर कुठेतरी वाचलं की दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने लढायला नकार दिलेल्या ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला होता. सहा महिने दिवसाला साधारण १,५७० कॅलरी आणि वर आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालणं. त्या धडधाकट पोरांना पुढे पुढे दुसरं काही सुचेना. ती पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागली. अनारशांचे व्हिडिओ आठवले आणि मला त्या पोरांचा लळाच लागला.

मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि अभ्यासापेक्षा जिमला जास्त असतो. जुलैत एकदा माझी वही बघून म्हणाला, "आई, तू रोजमेळ लिहितेयस. आठवड्याचं खातं काढ ना."

माझ्याच धंद्यातली भाषा वापरून त्याने मला गप्प केलं. रोजकीर्दीत प्रत्येक दिवसाची नोंद असते, पण कुणाची स्थिती काय आहे हे कळतं खतावणीत. मी रविवारी दुपारी बसून मागच्या आठ आठवड्यांची बेरीज मांडली. पाच दिवस १,२००, शनिवार साधारण १,९००, रविवार ३,२००. बेरीज ११,१००. भागिले सात. दिवसाची सरासरी १,५८६.

म्हणजे कागदावर मी बाराशेवर होते आणि पोटात दीड हजारांच्या वर. पाच दिवस उपाशी राहून दोन दिवसांत सगळी शिल्लक खर्चून टाकत होते. एखाद्या अशिलाने असं केलं असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते.

मग मायलेकांनी मिळून नवं अंदाजपत्रक मांडलं. माझ्या वय-वजन-उंचीला आहे तेवढंच वजन टिकवायला दिवसाला अंदाजे १,८४० लागतात. त्यातून ३९० कमी करून सरासरी १,४५०, आठवड्याचे १०,१५०. हे १०,१५० कसेही वाटायचे, पण आधी वाटून ठेवायचे. सोमवार ते गुरुवार १,३००. शुक्रवारी १,४५०, कारण ऑफिसात शुक्रवारी कोणीतरी समोसे आणतंच. शनिवारी १,५००. रविवारी पूर्ण २,०००. गंमत अशी की हे सगळं ॲपच्या बाराशेपेक्षा सैल दिसतं आणि प्रत्यक्षात मी खात होते त्यापेक्षा दिवसाला १३६ने कमी भरतं. मिसळ त्यात बसते. जिलेबीसुद्धा, एक.

हे आकडे मी ॲपमध्ये घातले नाहीत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी पेन्सिलीने लिहायला लागले. पहिल्याच आठवड्यात यजमानांनी चष्मा वर करून विचारलं, "दूधवाल्याचे १,३०० कसे काय झाले? ते पण रोज?"

मुलाच्या जिममध्ये या प्रकाराला मोठा मान आहे. त्यांचं म्हणणं, कधी कमी कधी जास्त खाल्लं की शरीर गोंधळतं आणि चयापचय मंदावत नाही. मला हे कधी पटलं नाही. शरीर म्हणजे काय नवखा ऑडिटर आहे, चार नोंदी इकडच्या तिकडे केल्या की गोंधळायला? माझ्या सवयीप्रमाणे मी व्हाउचर मागितलं. शोधताना शिकागोचा एक प्रयोग सापडला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. १०० जाड माणसं, एक वर्ष. एका गटाने एक दिवस गरजेच्या २५ टक्के आणि दुसऱ्या दिवशी १२५ टक्के खायचं, दुसऱ्या गटाने रोज सारखंच कमी खायचं. वर्षाअखेर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. उलट एकाआड एक वाल्या गटातूनच जास्त माणसं मध्येच सोडून गेली. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट भावली. ही माणसं उपासाच्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त खायची आणि मेजवानीच्या दिवशी ठरल्यापेक्षा कमी. म्हणजे शिकागोतही साबुदाण्याची खिचडी होतेच.

ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग मात्र याच्या बाजूने बोलतो. लठ्ठ पुरुषांच्या एका गटाने दोन आठवडे कमी खाल्लं, दोन आठवडे वजन टिकेल एवढं खाल्लं, असं आलटून पालटून केलं. सलग कमी खाणाऱ्यांपेक्षा त्यांचं वजन जास्त उतरलं. पण तो दोन-दोन आठवड्यांचा खेळ, सोमवार-रविवारचा नव्हे, आणि सगळे पुरुष. पाळी जाण्याच्या वयातल्या, घरचा स्वयंपाक करणाऱ्या बाईवर असा प्रयोग कुणी केला असेल तर मला जरूर वाचायचा आहे.

तेव्हा माझ्यापुरतं मी एवढंच धरून चालते की चढ-उतारात जादू नाही. १०,१५० हे १०,१५०च. फरक पडतो तो रविवारी सकाळी दहा वाजता. मिसळ खाऊन झाल्यावर दिवस 'गेलेला' नसतो, कारण त्याची तरतूद मंगळवारीच करून ठेवलेली असते. म्हणून मग दुपारची बासुंदी आपोआप गळून पडते. हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

आता पुन्हा सोमवारकडे. आठवडा मांडून बघितल्यावर लक्षात आलं की आमच्या घरात कमी-जास्ताचं वेळापत्रक शेकडो वर्षांपासून छापलेलंच आहे. कालनिर्णयच्या प्रत्येक पानावर आहे. सोमवार, संकष्टी, एकादशी, मध्येच प्रदोष, मग सण, मग पुरण. कमी दिवस, जास्त दिवस, सगळं ठरलेलं. फक्त मी त्याचा अर्थ उलटा केला होता. कमी दिवशी खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, उपासाचा चिवडा. उपास म्हणजे काय खायचं नाही, यापेक्षा काय खाता येतं याचीच यादी लांब.

सासूबाईंचा उपास तसा नाही. वय ७८, वजन ४६. संकष्टीला सकाळी चहा, दुपारी एक केळं आणि चंद्र दिसल्यावर वरणभात, त्यावर एक मोदक. झालं. त्यांना कॅलरी म्हणजे काय ते माहीत नाही. मी एकदा सांगितलं होतं, किलोभर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी. त्या म्हणाल्या, "मग बंबात घालायचं सोडून पोटात कशाला घालता?"

त्यांच्याच सांगण्यावरून सोमवारची खिचडी गेली आणि भगर आली. पुण्या-मुंबईकडे वरीचे तांदूळ म्हणतात ती. ४० ग्रॅम कोरडी भगर शिजून ताटभर होते, साबुदाण्यासारखी चिमूटभर वाटत नाही. १५ ग्रॅम कुटाची पातळ आमटी, वरून चमचाभर तूप. सगळं मिळून २६५च्या आसपास. बरोबर ताक आणि काकडीची कोशिंबीर. सोमवार खरोखरच १,३००च्या आत बसायला लागला.

काट्याने मात्र सुरुवातीला फार छळलं. रविवारी ठरल्याप्रमाणे २,००० खाल्लेले, आणि सोमवारी सकाळी वजन १.२ किलोने जास्त. पहिल्यांदा रडूच आलं. मग वही घेतली. एक किलो चरबीला अंदाजे ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे १.२ किलो चरबी चढायला रोजच्या गरजेच्या वर ९,२४० कॅलरी खायला हव्यात. एक वडापाव तीनशेचा धरला तर एकतीस वडापाव. मी काही केलं असेल, एकतीस वडापाव नक्कीच खाल्ले नव्हते. ते वजन पाण्याचं. पाव-जिलेबीतली साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. शिवाय रश्श्यातलं आणि पापडातलं मीठ. बुधवारपर्यंत ते उतरतं. तेव्हापासून मी वजन फक्त शुक्रवारी सकाळी करते. सोमवारी काटा पलंगाखाली.

वहीत न येणारं एक खातं होतं, त्याचा छडा लागायला ऑक्टोबर उजाडला. टोपातला भात. सगळ्यांची जेवणं झाली की टोपात दोन घास भात उरतो, कढईत थोडी भाजी, मुलाच्या ताटात अर्धी पोळी. फ्रिजमध्ये ठेवण्याइतकं नसतं आणि टाकवत नाही. मी उभ्या उभ्या ते खाते. गेली सव्वीस वर्षं खातेय. कधी नोंदलं नाही, कारण ते जेवण नव्हतंच, ती आवराआवर होती. एक आठवडा सगळं तोललं, तर दिवसाला १५० ते २०० निघाले. रविवारच्या ज्या मिसळीला मी खलनायक ठरवलं होतं तिच्यापेक्षा आठवड्याची ही आवराआवर जास्त भरली. आता मी भात अर्धी वाटी कमी लावते. पहिले चार दिवस यजमान म्हणाले, आज भात कमी पडला का? मग त्यांनाही सवय झाली.

एकदा मात्र मी या पद्धतीत सपशेल तोंडावर पडले. तुळशीचं लग्न झालं आणि सिन्नरला भाच्याचं लग्न निघालं, शनिवारचं. मी ठरवलं, साठवायचं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार रोज ९००. शुक्रवारी दुपारी डोकं ठणकत होतं आणि मी एका अशिलाच्या जीएसटीत १८,९०० च्या जागी १,८९,००० टाकले. साहेबांनी पकडलं म्हणून बरं. आणि लग्नात? तीन दिवसांची भूक पंगतीत माझ्या आधी जाऊन बसली होती. मठ्ठ्याचे चार पेले आठवतात, जिलेब्यांचा हिशेब आठवत नाही. त्या शनिवारच्या चौकोनात मी आकडा लिहिलाच नाही, नुसता 'लग्न' एवढा शब्द आहे.

त्यानंतर दोन गोष्टी ठरवल्या. साठवायचं ते दिवसाला शंभर-दीडशेच, १,२००च्या खाली उतरायचं नाही. आणि जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी दंड नाही. नेहमीचा आकडा, नेहमीचं जेवण. धुळ्याच्या माझ्या मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं तर तिला फार आवडलं, पण तिला साखरेच्या गोळ्या चालू आहेत. गोळ्या तेवढ्याच आणि जेवण निम्मं केलं तर साखर एकदम खाली जाऊन माणूस घेरी येऊन पडतो. तिला म्हटलं, आधी डॉक्टर, मग माझं कालनिर्णय.

आठ महिने झाले. शुक्रवारचा आकडा ६८.९. म्हणजे ५.७ किलो. ७,७००च्या हिशेबाने एव्हाना बारा किलो उतरायला हवे होते. तो हिशेब सरळ रेषेचा आहे आणि शरीर सरळ रेषेत चालत नाही. वजन उतरलं की गरजही उतरते, त्यामुळे तेवढंच खाऊन उतार मंदावत जातो. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केविन हॉल यांनी २०११ साली हे गणिताने मांडून दाखवलं. थोडा वाटा त्या गणिताचा, बाकीचा दिवाळीचा. साखर ५.८वर आली. डॉक्टर 'छान' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

परवा संकष्टी होती. कालनिर्णयमध्ये चंद्रोदय साडेनऊनंतरचा, पण समोर नवी सात मजली इमारत झालीय, त्यामुळे आमच्या गॅलरीतून चंद्र दिसायला आणखी अर्धा तास जातो. सासूबाईंना गच्चीवर न्यायचं म्हटलं तर गुडघे. त्या गॅलरीतच खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर पूजेचं तबक. मी आत उकडीचे मोदक काढत होते. एक माझ्या हिशेबात धरलेला होता, तुपासकट १६०.

चंद्र आला, त्यांनी हात जोडले, जेवायला बसलो. वरणभात संपवून त्यांनी मोदक फोडला, अर्धा खाल्ला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"आता नाही गं जात. तू खाऊन टाक, नाहीतर वाया जाईल."

मी काट्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वहीत लिही हवं तर," त्या म्हणाल्या. "माझ्या नावावर टाक."

मी खाल्ला. मग हात धुऊन पेन्सिल घेतली आणि त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या दीड लिटरच्या खाली लिहिलं: आई, अर्धा मोदक, ८०.